वाचक विचारतात: तोराह लिहायची, वाचायची, पाळायची कशी?

या वेळच्या टपालात तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथाविषयीची पत्रं बरीच आली. काही कोकणातून, काही देशावरून, एक थेट इस्राएलमधून. तोराहचं शहाणपण इतकी शतकं कसं टिकलं, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात या ना त्या रूपात आहे. आमचं मत असं, की ते सुविचारांमध्ये शोधू नये. ते मापांत, वेळांत आणि हातांनी करायच्या कामांत मुरलेलं आहे. म्हणून उत्तरं देतानाही आम्ही त्याच बाजूनं गेलो आहोत.

तोराह म्हणजे जुना करारच ना? आणि त्या ६१३ आज्ञा एकत्र कुठे वाचायला मिळतील? (पनवेल)

जुना करार हे ख्रिस्ती नाव. ज्यू लोक आपल्या धर्मग्रंथांच्या संग्रहाला तनाख म्हणतात आणि त्यातली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोराह: बेरेशित, शमोत, वायिक्रा, बमिदबार आणि देवारीम. मराठी बायबलात तीच उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी येतात.

आज्ञांची एकत्र यादी तोराहमध्ये कुठेही नाही. ६१३ हा आकडा तालमूद या चर्चाग्रंथात रब्बी (धर्मपंडित) सिमलाई यांच्या तोंडी येतो: ‘हे कर’ सांगणाऱ्या २४८, ‘हे करू नको’ सांगणाऱ्या ३६५. कुठल्या आज्ञा मोजायच्या याच्या याद्या पुढच्या पंडितांनी केल्या, त्यांत मध्ययुगातले ज्यू पंडित मायमोनिदीस यांची यादी सर्वांत जास्त वापरात आहे. या सगळ्या आज पाळता येत नाहीत. यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पाडलं गेलं, त्यामुळे यज्ञाच्या आज्ञा थांबल्या, आणि शेतीच्या बऱ्याचशा आज्ञा इस्राएलच्या भूमीपुरत्याच आहेत.

लेखी तोराहबरोबर मौखिक तोराहही लक्षात ठेवा. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस. ‘शब्बाथला काम करू नको’ एवढं लेखी आहे, काम कशाला म्हणायचं हे मौखिक परंपरेत. ती परंपरा इ.स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी मिश्नामध्ये संकलित केली आणि त्यावरच्या चर्चेतून तालमूद उभं राहिलं.

सिनेगॉगमधली (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातली) तोराहची गुंडाळी अजूनही हातानंच लिहितात असं ऐकलं. छापील प्रत का चालत नाही? एखादी चूक झाली तर काय करतात? (पुणे)

हातानंच लिहितात, आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या लेखनिकालाही साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. अभ्यासाला छापील प्रत खुशाल वापरावी. पण सिनेगॉगमध्ये आशीर्वादाचे शब्द उच्चारून जे जाहीर वाचन होतं त्याला ‘सेफर तोराह’ म्हणजे हातानं लिहिलेली गुंडाळीच लागते.

लिहिण्यासाठी खायला चालणाऱ्या प्राण्याचं, बहुधा गाईगुरांचं, कमावलेलं कातडं घेतात. त्यावर बोथट टोच्यानं, शाई न लावता, ओळी कोरतात. अक्षरं देवनागरीसारखीच ओळीला लटकतात, ओळीवर बसत नाहीत. शाई मायफळ, डिंक आणि हिराकस यांची. लेखणी पिसाची किंवा बोरूची. एका स्तंभात बहुतेक ४२ ओळी, आणि सगळे मिळून साधारण २४५ स्तंभ. वर तीन बोटं, खाली चार बोटं, दोन स्तंभांमध्ये दोन बोटं जागा कोरी. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना चार ओळी मोकळ्या. लिहून झालेले तुकडे प्राण्याच्या स्नायूच्या धाग्यानं शिवतात, सुती दोरा चालत नाही.

एकूण अक्षरं ३,०४,८०५. त्यातलं एकही पाठावरून लिहायचं नाही, लेखनिकाला कितीही पाठ असो. समोरच्या प्रतीत पाहायचं, शब्द तोंडानं उच्चारायचा, मग लिहायचा. देवाचं नाव येतं तिथे थांबून ‘हे त्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो’ असं म्हणायचं आणि मगच लेखणी टेकवायची.

आता चुकांबद्दल. साध्या शब्दातली चूक शाई खरवडून सुधारता येते. देवाचं नाव मात्र खरवडता येत नाही. त्यात चूक झाली तर बहुतेक वेळा तो अख्खा तुकडा बाजूला काढतात आणि पुढे जुन्या पोथ्यांबरोबर पुरतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अक्षराला अक्षर चिकटणं. प्रत्येक अक्षराभोवती केसाएवढं तरी कोरं कातडं हवं. तिसरी सर्वांत घातक, कारण ती पटकन दिसत नाही: दालेत आणि रेश या दोन अक्षरांची गल्लत. दोन्हींना वर आडवी रेघ, उजवीकडे उभी रेघ. दालेतचा उजवा कोपरा टोकदार आणि मागे किंचित बाहेर आलेला, रेशचा गोल. फरक एवढाच. पण शमा या रोजच्या प्रार्थनेतल्या ‘ऐक, इस्राएला’ या ओळीत शेवटचा शब्द ‘एखाद’ म्हणजे ‘एक’ आहे. त्यातला दालेत गोल झाला तर शब्द ‘आखेर’ होतो, म्हणजे ‘दुसरा’. देव एक आहे म्हणायच्या जागी देव दुसरा आहे असं लिहिलं जाईल. म्हणून परंपरेनं त्या ओळीतला दालेत मुद्दाम मोठा लिहितात, आणि ‘दुसऱ्या देवाला नमन करू नको’ या ओळीतल्या ‘आखेर’मधला रेश मोठा लिहितात.

एखादं अक्षर नक्की कुठलं याचा निवाडा पंडितांनाही होईना, तर ते लहान मुलाला दाखवतात. मूल असं हवं की त्याला अक्षरं ओळखता येतात पण वाक्याचा अर्थ लागत नाही. मोठा माणूस अर्थावरून अक्षर ठरवतो, मूल जे दिसतं तेच सांगतं. ज्या परंपरेत एवढे विद्वान होऊन गेले, तिनं शेवटचा शब्द अक्षरं नुकती शिकलेल्या पोराला द्यावा, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

हल्ली गुंडाळी स्कॅन करून संगणकावर तपासतात. गळलेलं किंवा जादा पडलेलं अक्षर त्यात चटकन सापडतं. उडालेली शाई आणि बारीक भेगा पाहायला मात्र माणसाचा डोळाच लागतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कातडं फुगतं, आकसतं आणि शाईचे पापुद्रे सुटतात, त्यामुळे इथल्या गुंडाळ्या जास्त जपाव्या लागतात. कपाटात पडून राहिलेल्या गुंडाळीपेक्षा नेमानं उघडून वाचली जाणारी बरी, निदान बिघाड वेळेवर दिसतो.

नातवाची बार मित्स्वा (तेराव्या वर्षी मुलगा आज्ञांना बांधला जातो तो सोहळा) पुढच्या वर्षी आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, तो हिब्रूत वाढला, तरी गुंडाळीतून वाचायला घाबरतो. तयारी कशी करून घ्यावी? (दिमोना, इस्राएल)

आजी, त्याचं घाबरणं अगदी रास्त आहे. हिब्रू येत असली तरी गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, सुरांच्या खुणाही नसतात. नुसती व्यंजनं. मराठीत काना-मात्रा-वेलांट्या काढून वाचायला दिलं तर कसं वाटेल, तसं.

पहिली गोष्ट, तारखेवरून त्या आठवड्याचा पाठ नक्की करा. तोराहचे ५४ पाठ पाडलेले आहेत आणि सिम्हात तोराहच्या सणाला चक्र संपून त्याच दिवशी पुन्हा सुरू होतं. काही आठवड्यांना दोन पाठ जोडून येतात, ते आधी पाहून घ्या. नाहीतर मूल भलताच भाग पाठ करून बसतं. असं होतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मग ‘तिकून’ नावाचं पुस्तक आणा. त्यात एका बाजूला खुणांसह मजकूर असतो, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर गुंडाळीत असतो तसा, बोडका. आधी खुणांच्या बाजूनं एक वाक्य सुरात म्हणायचं, लगेच दुसऱ्या बाजूनं. रोज तीन ते पाच वाक्यं नवी, कालची पुन्हा. सहा ते दहा महिने हातात असले तर घाई होत नाही. सूर तुमच्या सिनेगॉगचाच शिकवा. बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू), बगदादी (इराककडून आलेले), अश्कनाझी (मध्य-पूर्व युरोपातले), प्रत्येकाची चाल वेगळी, आणि इंटरनेटवर ऐकून शिकलेली चाल आयत्या वेळी खटकते.

शब्दावरचा आघात सांभाळायला सांगा. बेरेशितच्या २९व्या अध्यायात राहेलबद्दल ‘बाआ’ हा शब्द दोनदा येतो. आघात शेवटच्या स्वरावर असला तर ‘ती येते आहे’, पहिल्यावर असला तर ‘ती आली’. अक्षरं तीच. अर्थ बदलणारी अशी चूक झाली की शेजारी उभे असलेले लोक तिथेच दुरुस्त करतात आणि वाचणारा तो शब्द पुन्हा म्हणतो. यात अपमान नाही हे नातवाला आधीच सांगून ठेवा. मोठमोठ्या हजानांनाही (प्रार्थना चालवणाऱ्या गायकांनाही) टोकतात.

त्या दिवशी गुंडाळीला उघड्या हातानं स्पर्श करायचा नाही, ओळ दाखवायला ‘याद’ म्हणजे हाताच्या आकाराची चांदीची किंवा लाकडी काडी असते. शब्बाथच्या सकाळी सात जणांना वाचनासाठी बोलावतात, प्रत्येकाच्या वाट्याला किमान तीन वाक्यं. सोमवारी आणि गुरुवारी तिघांनाच. मूल फारच बुजरं असेल तर गुरुवारी ठेवा: वाचन आखूड, गर्दी कमी, मान तेवढाच.

बेने इस्राएल लोकांकडे शेकडो वर्षं तोराहची गुंडाळी नव्हती म्हणतात. मग ते ज्यू राहिले कसे? (अलिबाग)

अठराव्या शतकाच्या आसपासपर्यंत कोकणातल्या बेने इस्राएलांकडे गुंडाळी नव्हती, हिब्रूही जवळजवळ विसरलेली होती. शमाची ओळ तेवढी तोंडात होती आणि ती बारशापासून मरणापर्यंत सगळीकडे म्हटली जाई. पण पुस्तक नसतानाही पुस्तकातलं आचरण राहिलं. मुलाची सुंता आठव्या दिवशी. शनिवारी घाणा बंद, त्यावरूनच गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ नाव दिलं. माशांमध्ये पर आणि खवले असलेलेच. दाविद राहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यू गृहस्थानं बायकांपुढे मासे ठेवले, त्यांनी न सांगता पर-खवलेवाले तेवढे वेगळे काढले, आणि हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली, अशी कथा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

सणांची मराठी नावं पाहा. पेसाह म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटकेचा सण, त्याला ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे आंबट कालवणाचं भांडं, ते त्या दिवसांत झाकून ठेवायचं. तोराह सांगते की पेसाहमध्ये घरात आंबवलेलं धान्य ठेवू नये. कारण विसरलं गेलं, आंबट भांडं झाकायचं हे हातांच्या लक्षात राहिलं. अव महिन्याच्या नवमीचा, मंदिर पडल्याचा शोक म्हणजे ‘बिर्ड्याचा सण’, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालाचं बिरडं होई.

पुस्तक नंतर परत आलं. कोचीनच्या ज्यूंनी शिकवलं, १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि १८४६ मध्ये पेसाहच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. घरातली रीत आणि पुस्तकातला शब्द यांची गाठ पुन्हा पडली, आणि ती जुळली, हे आम्हाला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत हलवून टाकणारं वाटतं.

कोशेर (तोराहच्या नियमांत बसणारा) स्वयंपाक आमच्या कोकणी जेवणात कसा बसतो? मीठ लावण्याची पद्धत नीट सांगा. (ठाणे)

आधी मासे. पर आणि खवले दोन्ही हवेत, आणि खवला कातडी न फाटता निघायला हवा. बांगडा, रावस, पापलेट चालतात. मोरीचे खवले कातडीसकटच निघतात, म्हणून ती नाही. पाकट, माकूल, कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, काहीच नाही. माशाला मीठ लावून रक्त काढायची गरज नसते.

मटण-कोंबडीला ती लागते, कारण तोराहनं रक्त खायला मनाई केली आहे. प्राणी शोखेतनं, म्हणजे नियमानं कापणाऱ्या शिकलेल्या माणसानं, कापलेला असावा आणि हे काम कापल्यापासून ७२ तासांच्या आत व्हावं. त्यानंतर रक्त आत गोठतं आणि मिठानं निघत नाही असं मानतात. आधी मांस धुऊन साध्या पाण्यात अर्धा तास बुडवा. पाण्यात विसरू नका: चोवीस तास राहिलं तर ते शिजल्यासारखंच धरतात आणि मांस बाद होतं. पाणी निथळू द्या, पण पूर्ण कोरडं करू नका, मीठ धरत नाही. मग जाडं मीठ सगळ्या बाजूंनी, कोंबडी असेल तर पोटाच्या आतूनही. बारीक मीठ विरघळून जातं आणि रक्त ओढत नाही, खड्याचं मीठ गडगडून पडतं. मधल्या जाडीचं घ्या. उतरत्या किंवा भोकांच्या फळीवर एक तास ठेवा, रक्त वाहून जायला वाट हवी. ताटात ठेवलंत तर मांस आपल्याच रक्तात बसतं आणि सगळं फुकट. शेवटी तीनदा धुवा. कलेजी मात्र मिठानं होत नाही, तिला चिरा देऊन उघड्या विस्तवावर भाजावंच लागतं.

‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वाक्य तोराहमध्ये तीनदा आलं आहे, म्हणून मांसाबरोबर दूध, दही, तूप, लोणी काही नाही. इथे कोकण उपयोगी पडतं: बेने इस्राएलांचं मटण नारळाच्या रसात होतं. बदामाचं दूध मांसात घातलं तर बघणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून वर चार बदाम ठेवावेत असं जुने पंडित सांगतात. नारळालाही तो न्याय लावावासा वाटला तर वर ओल्या खोबऱ्याची चिमूट टाका.

कणकेचीही एक आज्ञा आहे. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना प्रकार) या पाच धान्यांचं पीठ एका वेळी सुमारे सव्वा किलो भिजवलं तर त्यातला लिंबाहून लहान गोळा वेगळा काढून जाळतात. याला हल्ला म्हणतात. सुमारे पावणेदोन किलो पीठ असेल तर आशीर्वादही म्हणतात. तांदळाच्या, नाचणीच्या, ज्वारीच्या भाकरीला हे लागू नाही. थोडं थोडं पीठ भिजवून माप चुकवता येत नाही: पोळ्या एका टोपलीत ठेवल्या की त्या एकत्र मोजतात. पेसाहमध्ये तांदूळ अश्कनाझी खात नाहीत, बेने इस्राएल खातात. आधी तीनदा निवडून, गव्हाचा दाणा राहिला नाही हे पाहून.

शब्बाथला लिफ्टचं बटण दाबत नाहीत, पण हजारो वर्षांपूर्वी लिफ्ट कुठे होती? हे ठरवतं कोण? (नागपूर)

ठरवतात पंडित, वाद घालून. तालमूदमध्ये भट्टीच्या शुद्धतेवरून रब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे असा प्रसंग आहे. एलिएझरच्या बाजूनं झाड हललं, पाट उलटा वाहिला, शेवटी आकाशवाणीही झाली. रब्बी यहोशुआ उठून म्हणाले, ‘ती स्वर्गात नाही.’ हे तोराहमधलंच वाक्य. आज्ञा माणसांच्या हाती दिली आहे, निर्णय बहुमतानं.

मिश्नानं शब्बाथला वर्ज्य कामांचे ३९ प्रकार सांगितले आहेत, विस्तव पेटवणं त्यांतलं एक. तार तापून पेटणारा विजेचा दिवा लावणं म्हणजे विस्तव, यावर बहुतेकांचं एकमत. बाकी विजेबद्दल मतं वेगळी: विसाव्या शतकातल्या पंडितांपैकी खझोन इश यांनी विजेचं मंडल जोडणं हे बांधकामात धरलं, रब्बी श्लोमो झाल्मन ऑयरबाख यांनी मुख्यतः रूढीच्या आधारे मनाई ठेवली. दोघंही ‘दाबू नका’ म्हणतात, कारणं निराळी. म्हणून प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणारी लिफ्ट, टायमरवरचा दिवा, आणि सूर्यास्तापूर्वी शिजवून मंद आचेवर ठेवलेलं जेवण. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात, यरुशलेममध्ये ४० मिनिटं.

पण कुणाच्या छातीत कळ आली तर फोन लगेच उचलायचा, गाडी काढायची. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ बाजूला होतो, आणि अशा वेळी विचारत बसणाऱ्यापेक्षा धावणाऱ्याची तालमूद स्तुती करतं.

आमच्याकडे सुगीला गरिबांना सरवा वेचू देतात. तोराहमध्ये असं काही आहे का? (सांगली)

आहे, आणि फार बारकाईनं. शेताची कड कापायची नाही, ती गरिबांसाठी उभी ठेवायची. मिश्ना किमान माप साठावा हिस्सा सांगते. कड शेवटच्या टोकालाच का? तालमूद कारणं देतं: मालकानं सोयीची वेळ साधून आपल्याच नातलगाला देऊ नये, गरिबानं दिवसभर वाट पाहत बसू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडलेली कड दिसावी, आणि ‘मी मधेच दिली’ म्हणून कुणी फसवू नये.

कापताना हातून एक-दोन कणसं पडली तर ती वेचणाऱ्याची, तीन एकदम पडली तर मालकाची. शेतात विसरलेल्या पेंढीकडे परत जायचं नाही. गरीब स्वतः कापून नेतो, मालकानं हातावर ठेवायचं नसतं. अपवाद खजुरीचा आणि मांडवावरच्या वेलाचा: तिथे चढताना माणूस पडेल म्हणून मालकानंच उतरवून वाटायचं.

दर सातव्या वर्षी इस्राएलमध्ये जमीन पडीक ठेवतात, त्याला श्मिता म्हणतात. पुढचं श्मिता वर्ष २०२८ च्या सप्टेंबरात सुरू होईल. त्या वर्षी आपोआप उगवलेल्या फळाचा व्यापार करायचा नाही आणि ते वाया घालवायचं नाही. घरोघरी त्याच्या साली-बियांसाठी वेगळी पेटी ठेवतात, आणि त्या कुजल्यावरच कचऱ्यात जातात.